उसन्या गाड्यांची गर्दी

नंदकिशोर परुळेकरांच्या घरी मासळी बंद झाली, आणि तीही श्रावण नसताना. परुळेकर मूळचे मालवणकडचे, वाढले गिरगावातल्या चाळीत. ताटात मासा नसला तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. अशा माणसाने एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन, पायातले बूटही न काढता, बायकोला सांगितलं की आजपासून गोजरा कोळिणीला दारात उभं करायचं नाही. चारुलताबाईंनी कारण विचारलं. गोजरा इकडच्या बातम्या तिकडे नेते, असं उत्तर मिळालं. पापलेटाच्या टोपलीतून कसल्या बातम्या जातात, हे काही चारुलताबाईंच्या लक्षात आलं नाही, पण त्या रात्री पानात भेंडीची भाजी पडली.

प्रकरण होतं सुपर बाजाराचं.

ही गोष्ट आहे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची. नेरूळ तेव्हा निम्मं वसलं होतं आणि निम्मं नकाशात होतं. सहजीवन सोसायटीच्या फाटकातून निघालेला एकच अरुंद रस्ता फुटबॉलच्या मैदानाला चिकटून पुढे सारसोळे गावात जात असे. मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या, एवढ्यावरून सगळे त्याला स्टेडियम म्हणत. अलीकडे सोसायटी, पलीकडे कोळ्यांचं गाव, मध्ये स्टेडियम, आणि स्टेडियमला लागून एक मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर एका ग्राहक संस्थेचा मोठा सुपर बाजार उभा करायचं नियोजन कार्यालयाने ठरवलं होतं. लोकांच्या काही हरकती असतील तर कळवाव्यात, असं पत्रक सोसायटीच्या फळ्यावर लागलं.

हरकती होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. रस्ता एवढासा. त्यावरून बाजाराचे टेम्पो येणार, गिऱ्हाइकांच्या स्कूटर येणार, रिक्षा येणार. मुलं खेळायला जाणार ती त्याच रस्त्याने. बाजाराच्या नकाशात गाड्या उभ्या करायला वीतभरसुद्धा जागा दाखवली नव्हती. म्हणजे आज ना उद्या गाड्या मैदानात शिरणार, हे कोणालाही दिसत होतं. शिवाय सगळ्यांनाच बाजार नकोसा होता असंही नाही. मीठ-मोहरीसाठी वाशीपर्यंत बस धरून जाणाऱ्या बायकांना तो हवाच होता. फक्त त्यांना कोणी विचारलं नाही.

परुळेकर सोसायटीचे सेक्रेटरी. विमा कंपनीत क्लेम तपासायच्या टेबलावर त्यांची हयात गेली होती. ज्याचं घर जळालं त्यानेच ते पेटवलं नसेल कशावरून, असा विचार करायचा त्यांना पगार मिळत असे. संध्याकाळी ऑफिस सुटलं तरी ती सवय सुटत नसे. दूधवाला लवकर आला तर का आला, उशिरा आला तर कुठे होता! बाकी माणूस सरळ होता. मुलांना धावायला मोकळी जागा मिळावी म्हणून तर ते गिरगाव सोडून इतक्या लांब आले होते. खिडकी उघडली की समोर मैदान, याचं त्यांना फार अप्रूप होतं. ते जाईल या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली.

सोसायटीच्या बैठकीत त्यांनी आपला संशय मांडला. सारसोळ्याचा शिवराम कोळी बाजारवाल्यांना सामील आहे! हा शिवराम म्हणजे गोजराचा नवरा. होडीवर जायचा, आणि उरलेला जीव गावातल्या फुटबॉलच्या टीमवर टाकायचा. प्लॉट मोजायला आलेल्या माणसांशी तो बराच वेळ हातवारे करून बोलत होता, हे परुळेकरांनी खिडकीतून पाहिलं होतं. रेतीचं, खडीचं कंत्राट गावालाच मिळणार, म्हणून गावाला बाजार हवा आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नव्या इमारतींतल्या माणसांना गावाबद्दल काही सांगितलं की ते लगेच खरं वाटत असे, कारण गाव त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तळमजल्यावर राहणाऱ्या विमलबाई गायकवाड तेवढ्या उठून बोलल्या. त्या मराठवाड्यातल्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मुलाकडे राहत होत्या. त्यांनी विचारलं, की शिवरामला कोणी प्रत्यक्ष जाऊन विचारलं का. मैदान ओलांडलं की गाव.

"विचारायला गेलो की आपला सगळा बेत त्यांना कळणार, बाई," परुळेकर म्हणाले. "तुम्हाला ही माणसं ठाऊक नाहीत."

"तुम्हाला ठाऊक आहेत?" विमलबाईंनी विचारलं. यावर सभेत कुजबुज झाली आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा निघाला.

आता मैदानाच्या पलीकडे काय चाललं होतं तेही ऐका. मैदानाची ती जमीन एके काळी सारसोळेकरांचीच. शहर वसवायला सगळं गेलं, खाडी तेवढी उरली आणि हे मैदान. गावातली पोरं तिथे अनवाणी खेळून तयार झाली होती. ऐरोली-बोनकोड्यापर्यंतच्या टीमा तिथे सामन्याला येत. मैदान गेलं तर शिवरामच्या आयुष्यातून काय जाईल हे त्याला शब्दांत सांगता आलं नसतं, पण मोजणीवाल्यांशी तो त्यासाठीच भांडत होता. त्याचे हातवारे भांडणाचे होते, सौद्याचे नव्हते. आणि त्यालाही एक संशय होताच. बिल्डिंगवाल्यांना घराखाली दुकान पाहिजे, तेच बाजारवाल्यांना सामील आहेत! त्याशिवाय का त्या चष्मेवाल्या सेक्रेटरीने खिडकीत उभं राहून मोजणी डोळे भरून पाहिली? शिवरामने घरी येऊन गोजराला ताकीद दिली, की बिल्डिंगीत टोपली न्यायची नाही, तिथल्या बायका गोड बोलून गावातलं काढून घेतात.

म्हणजे पाहा, एकाने दार बंद केलं, दुसऱ्याने पाय बंद केला, आणि दोघांनाही वाटलं आपण मोठी हुशारी केली. गोजरा रोज सोसायटीत यायची, उंबऱ्यावर बसून मासे साफ करता करता तिच्या आणि चारुलताबाईंच्या जगभरच्या गप्पा व्हायच्या. गावाला काय हवंय आणि सोसायटीला काय हवंय, हे एकमेकांना कळायची तेवढीच एक वाट होती. नेमकी तीच दोघांनी बुजवली.

मग बातमी आली की नियोजन कार्यालयातले राजाध्यक्ष साहेब स्वतः जागा पाहायला येणार आहेत, आणि तेही रविवारी, सामना असेल त्या दिवशी. गर्दी किती होते ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

परुळेकर विचारात पडले. कारण खरी गोष्ट ही होती, की त्या रस्त्यावर अजून गर्दी नव्हती. अख्ख्या सोसायटीत जेमतेम मूठभर स्कूटर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे दिवस होते ते! साहेब येणार, मोकळा रस्ता पाहणार आणि म्हणणार, कसली तुमची वाहतुकीची अडचण? उद्या काय होईल हे सांगून साहेबाला पटणार नाही, साहेबाला आज दिसलं पाहिजे, असं परुळेकरांनी ठरवलं. आपल्या खऱ्या म्हणण्यावरही त्यांचा विश्वास राहिला नाही. संशयी माणसाचं शेवटी हे असं होतं.

त्यांनी रविवारी ऑफिसातल्या मंडळींना जेवायला बोलावलं, आणि प्रत्येकाला स्कूटर घेऊनच यायला सांगितलं. चेंबूरच्या मेव्हण्याला फियाट आणायला लावली. बाकीच्यांनीही आपापले पाहुणे गोळा केले. चारुलताबाई सकाळपासून पुऱ्या तळत होत्या आणि कशासाठी तळतेय हे मनातून त्यांना मुळीच पटत नव्हतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकापासून स्टेडियमच्या पायऱ्यांपर्यंत स्कूटरची रांग लागली. शेवटी फियाट तिरकी उभी केली, म्हणजे अडचण ठसठशीत दिसावी. परुळेकर समाधानाने घाम पुसत होते, तोच गावाच्या बाजूने आवाज आला. बर्फाच्या कारखान्याचे दोन टेम्पो, त्यामागे हातगाड्या, आणि सगळ्यांच्या पाठी खाणीवरचा एक भलाथोरला खडीचा डंपर. तो सगळा लवाजमा येऊन फियाटच्या नाकासमोर थांबला. पुढच्या टेम्पोतून शिवराम खाली उतरला.

परुळेकरांनी खडी पाहिली आणि त्यांचा संशय पक्का झाला. बांधकामाचं सामान आजच आणून टाकलं यांनी! शिवरामने फियाट पाहिली आणि त्याचाही संशय पक्का झाला. बाजाराचे शेटलोक बिल्डिंगीत जेवायलाच आलेत!

"रस्ता तुमच्या बापाचा आहे का?" परुळेकर ओरडले.

"व्हता," शिवराम म्हणाला. "आमचे बापाचाच व्हता. इचारा कोनाला पन."

यानंतर दोघं काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. ऐरोलीची टीम बसथांब्यावरून चालत आली, ती गाड्यांच्या फटीतून अंग चोरून मैदानात शिरली. रेफ्रीची सायकल डोक्यावरून न्यावी लागली. आणि या सगळ्या गोंधळात राजाध्यक्ष साहेब कधी आले, कोपऱ्यावर जीप सोडून कधी चालत फिरले, हे भांडणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. साहेबांनी सगळं शांतपणे पाहिलं, बरोबरच्या माणसाला दोन शब्द सांगितले आणि ते निघून गेले. साहेब कपाळाला आठ्या घालून गेले, असं कोणीतरी येऊन सांगितलं. ते ऐकून त्या दिवशी दोन्हीकडे आनंद झाला. दोन्हीकडे वाटलं, काम फत्ते!

पुढे फळ्यावर नवं पत्रक लागलं. सोसायटीतली माणसं ते पुनःपुन्हा वाचत राहिली. राजाध्यक्ष साहेबांनी जागा पाहिली होती. बाजार अजून उभाही नसताना तिथे गाड्यांची एवढी गर्दी असते, त्याअर्थी वाहनतळाची निकड मोठी आहे, असं त्यांचं मत झालं होतं. रस्ता रुंद करायला जागा नाही. तेव्हा सुपर बाजार ठरल्याप्रमाणे होईल, आणि गाड्या लावण्यासाठी शेजारच्या फुटबॉल मैदानाचा निम्मा भाग घेतला जाईल.

निम्मं मैदान! ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच त्या खटाटोपाने घालवलं.

पण परुळेकरांना हे असं दिसलं नाही. गावाने साहेबाला फितवलं, असंच ते घरी येऊन म्हणाले. सारसोळ्यातही त्याच सुमारास शिवराम हेच म्हणत होता, फक्त गावाऐवजी बिल्डिंगचं नाव घेऊन. चारुलताबाईंनी मात्र त्या दिवशी ताट वाढलं नाही. त्या खाली विमलबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, की आता मला हे सहन होत नाही, तुम्ही माझ्याबरोबर गावात चला. विमलबाई लगेच निघाल्या. वाटेत त्या म्हणाल्या, की मी सभेत बोलले आणि घरी येऊन बसले. बोलण्यापेक्षा तेव्हाच चालत गेले असते तर बरं झालं असतं.

गोजरा दारात जाळं सोडवत बसली होती. चारुलताबाईंना पाहून ती उठली, पण हसली नाही.

"ताय, तुमचे घरात बाजारवाले जेवून गेले ना?" तिने विचारलं.

"अगं, तो माझा भाऊ! त्याची गाडी उसनी आणली होती, साहेबाला गर्दी दाखवायला. आम्हाला मैदान वाचवायचं होतं." चारुलताबाई बोलता बोलता थांबल्या. "आणि तुमचा तो खडीचा ट्रक?"

गोजराने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग खाली बसली.

"तो पन उसनाच हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी स्टेडियमच्या पायऱ्यांवर विमलबाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. परुळेकर एका टोकाला बसले, शिवराम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये तिन्ही बायका. विमलबाईंनी आवाज चढवला नाही. वर्गात दोन पोरांची मारामारी मिटवावी तसं आधी एकाला विचारलं, गाड्या कोणी आणल्या; मग दुसऱ्याला विचारलं. दोघांनी खाली मान घालून खरं सांगितलं. मैदानात पोरांचा खेळ चालू होता.

"तुमची हरकत खरी होती," विमलबाई परुळेकरांना म्हणाल्या. "रस्ता लहान, गाड्यांना जागा नाही, मुलांना धोका. एवढं नुसतं सांगितलं असतं, आणि गावाच्या बरोबर उभं राहून सांगितलं असतं, तर साहेबाला ऐकावं लागलं असतं. खऱ्याला खोट्याचा टेकू कशाला दिलात? आणि शिवराम, तुम्हीही तेच केलंत. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि दोघं एकमेकांना चोर समजत राहिलात."

शिवराम मैदानाकडे बघत म्हणाला, "माझे पोरांनी आता खेलायचं कुठं?" त्याने बाहीने डोळे पुसले. खरं सांगायचं तर, समोरच्याचे अश्रू पाहूनही ते खरे की खोटे असा प्रश्न परुळेकरांना पडला नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ते उठले, पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि शिवरामच्या शेजारी बसले. उद्या आपण दोघं साहेबांकडे जाऊ, म्हणाले.

साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं की सगळं सुरळीत होईल, असं त्यांना वाटलं होतं. राजाध्यक्ष साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी गाड्या डोळ्यांनी पाहिल्या. आज तुम्ही सांगता त्या खोट्या होत्या. मी कशावर विश्वास ठेवू?"

परुळेकर म्हणाले, की आम्ही शपथेवर सांगतो.

"तुम्हाला वाशीच्या दुकानदारांनी तर नाही ना पाठवलं?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "सुपर बाजार झाला तर त्यांचा धंदा बसेल. असं होतं कधीकधी."

परुळेकरांचा चेहरा पडला. इतकी वर्षं टेबलापलीकडे बसून ते स्वतः लोकांकडे ज्या नजरेने बघत आले, तीच नजर आज त्यांच्यावर रोखलेली होती. आपण खरं बोलत असताना समोरच्याला ते खोटं वाटावं, यात माणूस किती उघडा पडतो! बोलला तो शिवराम.

"सायेब, हा मानूस खोटा नाय," तो म्हणाला. "मी पन याला खोटाच समजत व्हतो. तुमी न सांगता या कवा पन. रस्ता बगा."

साहेब न सांगता आले. एकदा नव्हे, अधूनमधून येत राहिले, आणि त्यांना अरुंद, मोकळा रस्ता दिसत गेला. त्यांनी आपलं मत बदललंही. पण कागद तोवर वर गेला होता, आणि वर गेलेला कागद पुरता खाली येत नाही. बाजाराचा दरवाजा प्लॉटच्या मागून नव्याने काढलेल्या रस्त्यावर निघाला, माल उतरवायचा तो सकाळीच, असं ठरलं. निम्म्या मैदानाऐवजी एक कोपरा गेला. तिथे डांबर पडलं आणि स्कूटरसाठी पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या.

सुपर बाजार झाला. सोसायटीतल्या बायकांची वाशीची खेप वाचली, आणि गावातल्या बायकाही तिथे तांदूळ-साबण घ्यायला येऊ लागल्या. त्या बाजूने कॉर्नर मारायचा असला की मात्र खेळाडूला धाव घ्यायला जागा उरत नाही. त्याला मागे गाड्यांच्या रेघांमध्ये जावं लागतं. म्हणून सामन्याच्या दिवशी परुळेकर आणि शिवराम तिथे दोन बाजूंना हात पसरून उभे राहतात, येणाऱ्या स्कूटर थांबवतात आणि पोराला म्हणतात, मार आता.

वाचकहो, आपल्या गल्लीतही असा एखादा प्लॉट असेल, अशीच एखादी हरकत असेल. ती जरूर घ्या; गप्प बसणं हा काही नागरिकाचा गुण नव्हे. पण हरकत घेण्याआधी रस्ता ओलांडून पलीकडच्या माणसाला एकदा विचारून या. तो बहुधा त्याच काळजीत जागत असतो. आणि जे सांगायचं ते जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. शहर नकाशावर आखता येतं, पण त्यात एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं नसतील, तर तिथे रस्ता कितीही रुंद केला तरी कोंडी होणारच.

सोसायटीत नव्याने राहायला आलेले लोक कधी कधी परुळेकरांना विचारतात, की अहो, या बाजाराने मैदानाचा कोपरा कसा काय गिळला? परुळेकर शिवरामकडे बघतात. शिवराम मान हलवतो.

"बाजाराला कशाला नावं ठेवता," परुळेकर म्हणतात, "हा कोपरा आम्ही दोघांनी मिळून घालवला."